तेरच्या मातीत काय दडलंय?

मुलांनो, आज गोष्टीआधी एक गणित. वही-पेन्सिल घ्या आणि भूगोलाचा नकाशाही जवळ ठेवा.

भडोच हे गुजरातमधलं नर्मदेच्या मुखाजवळचं जुनं बंदर. तिथून एक बैलगाडी दक्षिणेकडे निघाली आणि २० दिवसांनी पैठणला पोचली. पैठणहून ती पुन्हा निघाली. आणखी १० दिवस पूर्वेकडे चालली आणि एका मोठ्या शहरात येऊन थांबली. त्या शहराचं नाव तगर. तर सांगा पाहू, हे तगर नकाशावर कुठं आहे?

शोधून सापडणार नाही! नकाशावर तगर नावाचं शहरच नाही. आणि गंमत म्हणजे हे गणित मी तयार केलेलं नाही. सुमारे १९५० वर्षांपूर्वी एका ग्रीक बोलणाऱ्या माणसानं ते लिहून ठेवलं. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, पण त्याचं पुस्तक आजही आहे. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्याला. कोणत्या बंदरात काय माल मिळतो आणि कोणता माल खपतो, हे सांगणारी ती दर्यावर्दी व्यापाऱ्यांची वाटाड्या-वही. तिच्यात आपल्या पैठणचं नाव आहे आणि ‘तगर, फार मोठं शहर’ असाही उल्लेख आहे. तगरहून तऱ्हेतऱ्हेचं कापड, जाडंभरडं आणि तलम मलमलसुद्धा, गाड्यांतून भडोचला जाई. वाट कशी? तर धड रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखांतून! भडोचला ते कापड जहाजात चढे आणि समुद्रापार निघून जाई.

एवढं मोठं शहर मग गेलं कुठं? विद्वानांनी खूप शोधाशोध केली. कुणी म्हणालं, तगर म्हणजे जुन्नर. कुणी म्हणालं, देवगिरी. भांडण काही मिटेना.

उत्तर सापडलं!

जॉन फेथफुल फ्लीट नावाचे एक इंग्रज अधिकारी होते. मुंबई इलाख्यात नोकरी करता करता ते जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचायला शिकले. १९०१ साली त्यांनी लिहिलं, तगर म्हणजे तेर!

तेर हे आपल्या मराठवाड्यातलं, धाराशिव जिल्ह्यातलं (२०२३ पूर्वी या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं) तेरणा नदीच्या काठचं एक लहानसं गाव. एस.टी.चा थांबा, चहाची टपरी, आठवड्याचा बाजार, उन्हात वाळत घातलेली ज्वारी. हे ते ‘फार मोठं शहर’? विश्वास बसत नाही ना? मग आपणच पडताळून पाहू.

नकाशावर पट्टी ठेवा आणि खालची मोजपट्टी वापरून अंतर काढा. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर भरतं. त्याला २० दिवस, म्हणजे दिवसाला सतरा-साडेसतरा किलोमीटर. पैठण ते तेर साधारण १५० किलोमीटर आणि त्याला १० दिवस, म्हणजे दिवसाला १५. वाट वळणावळणाची असते, त्यामुळे प्रत्यक्ष चाल यापेक्षा थोडी जास्तच पडत असणार. पण भरल्या गाडीचा बैल दिवसभरात एवढंच चालतो, हे तुमच्या आजोबांना विचारा. गणित जुळलं की नाही! दिशेत मात्र थोडा फरक आहे. तेर पैठणच्या अगदी पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण होकायंत्राशिवाय, ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

आता दुसरा पुरावा. तगरचं ‘तेर’ झालं कसं? त्यासाठी पारनेर, अमळनेर, संगमनेर ही नावं आठवा. त्यांच्या शेवटी असलेलं ‘नेर’ मूळचं ‘नगर’. बोलता बोलता ‘नगर’मधला ‘ग’ झिजला, ‘नयर’ झालं आणि मग ‘नेर’ झालं. तसंच तगर, तयर, तेर! रोज वापरलेलं नाणं झिजून गुळगुळीत होतं ना, तसे शब्दही झिजतात बरं का.

आणखी एक गंमत सांगते. कोकणात आणि कोल्हापुरात पुढे शिलाहार नावाचे राजे झाले. ते आपल्या ताम्रपटांत मोठ्या अभिमानानं स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. म्हणजे ‘तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी’. राज्य कुठं, तगर कुठं! पण मूळ गावाचा अभिमान काही सुटला नव्हता. आपणही मुंबई-पुण्याला राहून ‘आमचं गाव अमुक’ असं सांगतोच की.

चला, तेर पाहू या

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी आमच्या चौथीच्या वर्गाला तेरला घेऊन गेले. तेर मोठ्या शहरापेक्षा मला जवळचं वाटतं, कारण ते पायी हिंडून पाहता येतं. चला, तुम्हीही सोबत.

पहिला मुक्काम त्रिविक्रमाचं देऊळ. बाहेरून पाहताना मुलं गोंधळली. ‘बाई, हे देवळासारखं दिसतच नाही!’ खरंच आहे. मागची बाजू चौकोनी नाही, अर्धगोल आहे, आणि वरचं छप्पर पालथ्या नावेसारखं. तुम्ही कार्ले किंवा भाजे इथली लेणी पाहिली असतील, तर तिथला चैत्य आठवा. तोच आकार, फक्त इथं तो डोंगरात कोरलेला नाही, विटांनी उभारलेला आहे. म्हणूनच बरेच अभ्यासक म्हणतात, की ही वास्तू मुळात बौद्ध चैत्य असावी आणि नंतर इथं विष्णूची स्थापना झाली असावी. अशी जुनी विटांची इमारत आजवर उभी राहणं फार दुर्मीळ. आंध्र प्रदेशात चेझार्ला इथं अशाच आकाराचं एक देऊळ आहे, पण अशी उदाहरणं अगदी थोडी.

आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे. बळिराजाकडे तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटू वामनाची गोष्ट तुम्हाला येतेच. मागताना तो बटू, आणि पावलं टाकताना झाला त्रिविक्रम. मूर्तीचा उंच उचललेला पाय पाहून आमच्या वर्गातल्या एका मुलीनं तिथंच तसं उभं राहून पाहिलं आणि ती धपकन खाली बसली. सगळे हसलो!

दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे तेरच्या विटा. आजच्या विटेपेक्षा त्या मोठ्या असतात. पण इथल्या जुन्या देवळांतल्या काही विटा इतक्या हलक्या आहेत, की पाण्यात टाकल्या तर तरंगतात! जादू नाही, विज्ञान आहे. मातीत धान्याचा कोंडा-तूस मिसळून वीट थापायची. भट्टीत वीट भाजताना कोंडा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक बारीक छिद्रं राहतात. छिद्रांत हवा भरते आणि वीट हलकी होते. हलकी वीट वर चढवायला सोपी, आणि तिचा भारही खालच्या भिंतींवर कमी पडतो. शाळेत कधी न गेलेल्या त्या कारागिरांना हे बरोबर कळलं होतं.

इथंच उत्तरेश्वराचं जुनं विटांचं देऊळही आहे. जुनं जैन मंदिरही आहे. एकाच लहान गावात बौद्ध, जैन, शैव, वैष्णव अशा सगळ्यांच्या खुणा दिसतात. बाजारपेठेच्या गावाचं असंच असतं. माल घेऊन दूरदूरची माणसं येतात, आणि येताना आपापले देवही घेऊन येतात.

नदीकाठी गेलं की गोरोबाकाकांची समाधी लागते. संत गोरा कुंभार हे तेरचेच. ज्ञानेश्वर आणि नामदेव यांचे समकालीन, पण वयानं वडील, म्हणून सगळे त्यांना ‘काका’ म्हणत. त्यांची ती प्रसिद्ध गोष्ट तुम्ही ऐकली असेल. संतमंडळी जमली असताना लहानग्या मुक्ताबाईनं विचारलं, ‘काका, हे काय?’ काकांच्या हाती होतं थापटणं. कच्चं मडकं कोणतं आणि पक्कं कोणतं, हे ठोकून पाहायचं लाकडी साधन. ‘मग आमच्यातलं कच्चं मडकं कोणतं, तेही पाहा,’ असं मुक्ताबाई म्हणाली. काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प राहिले. नामदेव तेवढे रागावले, आणि ठरले कच्चं मडकं! मग तेच नामदेव गुरूच्या शोधात निघाले आणि केवढे मोठे झाले! चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबांची पुण्यतिथी असते. त्या दिवसांत इथं मोठी यात्रा भरते.

पाहा, तेरची प्रत्येक गोष्ट फिरून मातीपाशीच येते. मातीच्या विटा, मातीची मडकी. आणि खरा खजिनाही मातीतच!

हत्ती, मणी आणि हस्तिदंती बाई

हा खजिना पाहायचा असेल, तर तेरच्या संग्रहालयात जावं लागतं. त्याला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव दिलेलं आहे. लामतुरे तेरचेच. इथं पाऊस पडून गेला, की शेतातली, ओढ्याकाठची माती वाहून जाते आणि जुन्या वस्तू उघड्या पडतात. कुणाच्या नांगराला खापर लागतं, कुणाला मणी सापडतो. पुष्कळांनी त्या वस्तू उकिरड्यावर फेकल्या असत्या. लामतुऱ्यांनी त्या जमवल्या आणि जपल्या. त्यांच्या त्या हजारो वस्तूंमधून आजचं हे सरकारी संग्रहालय उभं राहिलं.

काय काय आहे तिथं! सातवाहन राजांची नाणी. शंखाच्या बांगड्या. अकिकाचे आणि काचेचे रंगीत मणी. मातीचे प्राणी. पांढऱ्याशुभ्र मातीच्या, साच्यात घालून काढलेल्या सुबक मूर्ती. एका साच्यातून पुढची बाजू, दुसऱ्यातून पाठ, आणि मग दोन्ही जोडायच्या. रोमन नाण्यांची नक्कल असलेली मातीची पदकंसुद्धा तेरला सापडली आहेत. खरं सोन्याचं नाणं परवडत नसेल, तर मातीचं गळ्यात घालायचं! हौस तेव्हाही होतीच की.

तेरला एक छोटीशी हस्तिदंती मूर्तीही सापडली आहे. दागिने ल्यालेली एक स्त्री. आता तिच्यासारखीच दुसरी कुठं सापडली, सांगू? इटलीत! तिथं पाँपेई नावाचं शहर होतं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि अख्खं शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथं खोदकाम चालू असताना एका घरात भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या तेरला सापडली, तशीच जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही. या मूर्ती एकमेकींच्या बहिणी शोभतील अशा आहेत. म्हणजे पेरिप्लसवाल्यानं लिहिलं ते नुसतं ऐकीव नव्हतं. आपल्या मुलखातला माल खरोखरच समुद्रापार पोचत होता!

एका मण्याची गोष्ट

आता जे सांगते, ते लक्ष देऊन वाचा. पालकांनीही वाचावं अशी माझी विनंती आहे.

आम्ही गावाबाहेरच्या वाटेनं चाललो होतो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आमच्या वर्गातला एक मुलगा मागे राहिला. वळून पाहिलं तर वाटेच्या कडेला वाकून काहीतरी पुसत होता. हातात मणी होता! वाटाण्याएवढा, तांबूस, आरपार भोक असलेला. उन्हात धरला तर आतून दिव्यासारखा उजळत होता.

सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. तो मला म्हणाला, ‘बाई, मी हा घरी नेणार. आमच्याकडे एक माणूस येतो. जुनी नाणी, मणी विकत घेतो. पन्नास रुपये तरी देईल.’

मुलांनो, त्याच्या घरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पन्नास रुपये म्हणजे त्याच्या लेखी काय, हे मला माहीत होतं. त्यामुळे मी रागावले नाही. मी म्हटलं, ‘बरं. विकायच्या आधी या मण्याला आपण प्रश्न विचारू. तू पहिला विचार.’

त्यानं विचारलं, ‘तू कुणाचा?’ मग बाकीच्यांनीही प्रश्न घातले. ‘तुझा दगड कुठून आला?’ ‘एवढ्या कडक दगडाला भोक कशानं पाडलं?’ ‘तू एकटाच कसा? माळेतले बाकीचे कुठं गेले?’ एका मुलीनं विचारलं, ‘तू हरवलास तेव्हा कुणी रडलं का रे?’

मी म्हटलं, ‘या प्रश्नांची उत्तरं मिळतील ती कशावरून? मणी नेमका कुठं सापडला, त्याच्या शेजारी काय होतं, किती खोल होता, यावरून. तो माणूस पन्नास रुपये देईल आणि मणी दूर कुठंतरी विकेल. तिथं कुणी विचारलं, की हा कुठला, तर कोण सांगणार? मग हा नुसता एक लाल दगड.’

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘पण बाई, मला सापडला ना? मग माझा नाही का?’

मी म्हटलं, ‘सापडला तुला. पण आहे सगळ्यांचा. कायदाही तेच सांगतो.’ १८७८ सालापासून आपल्या देशात निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

संग्रहालयात पोचेपर्यंत त्याची मूठ बंदच होती. तिथं त्यानं ती उघडली आणि मणी टेबलावर ठेवला. तिथल्या काकांनी विचारलं, ‘कुठं सापडला, बाळ?’ त्यानं इतकी बरोबर जागा सांगितली! बाभळीच्या झाडापासून किती पावलं, ओढ्याच्या कोणत्या बाजूला, सगळं. काकांनी ते लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत तो खिडकीपाशी गप्प बसून होता. त्याला वाईट वाटत होतं. मीही त्याची समजूत काढत बसले नाही, कारण ते वाईट वाटणं खरं होतं. पन्नास रुपये गेले होते, आणि मणी फार सुंदर होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, ‘बाई, आपल्या गावाची पांढरी कुठं आहे?’

तुमच्या गावाची पांढरी

पांढरी म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना ठाऊक नसेल. आपल्याकडे शेतीच्या जमिनीला म्हणतात ‘काळी’ आणि गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहतात. मातीच्या भिंती पडतात आणि पुन्हा बांधल्या जातात. चुलीतली राख, शेण, चुना, हाडं, खापरं सगळं तिथंच साचतं. हळूहळू तिथली माती पांढरट होते आणि जमीन उंच होऊन टेकाड तयार होतं. ते टेकाड म्हणजे आपल्या गावाचं इतिहासाचं पुस्तक. सगळ्यांत जुनं पान सगळ्यांत खाली!

पण ही पांढरी माती धाब्याच्या घरांवर घालायला चांगली, म्हणून लोक ती पिढ्यान् पिढ्या खणून नेत आले. जुन्या विटा आयत्या मिळतात, म्हणून त्याही नेल्या. पूर्वी हे टिकाव-फावड्यानं चाले. आता यंत्र येतं आणि पुस्तकाची हजार पानं दोन तासांत ट्रॅक्टरमध्ये भरून नेतं. कुणी मुद्दाम वाईट करत नाही. ते पुस्तक आहे, हेच ठाऊक नसतं.

म्हणून मुलांनो, या सुट्टीत एवढं करा. आजी-आजोबांना विचारा, आपल्या गावाची जुनी वस्ती कुठं होती? गावाचं नाव कशावरून पडलं? जुनी बारव, वीरगळ, शेंदूर लावलेला कोरीव दगड कुठं आहे? ते सगळं वहीत लिहा आणि गावाचा नकाशा काढा. कुठं खापर, नाणं, मणी दिसला तर स्वतः खणू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि बाईंना, गुरुजींना किंवा तलाठ्यांना सांगा. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नका.

पालकांनो, तुम्हीही एक करा. मुलांना दूरचे किल्ले आणि राजवाडे जरूर दाखवा. पण एक दिवस तेरसारख्या लहान गावासाठी ठेवा. धाराशिव किंवा लातूरहून सकाळी निघालात, तर संध्याकाळी घरी परतता येतं. संग्रहालयाची वेळ तेवढी आधी विचारून घ्या.

आमच्या त्या मुलाला मी गावाची पांढरी दाखवली. शाळेच्या मागेच आहे. रोज मधल्या सुट्टीत तिच्यावरूनच मुलं घसरगुंडी खेळतात! आता त्यानं वर्गात एक वही ठेवली आहे. कुणाला खापराचा तुकडा दिसला, की तो तारीख आणि जागा विचारतो आणि लिहून ठेवतो. परवा पाहिलं तेव्हा वहीत १७ नोंदी झाल्या होत्या. पहिल्या पानावर मात्र आमच्या गावची नोंद नाही. तिथं एका तांबूस मण्याचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, ‘तेर, बाभळीपासून ओढ्याकडे २२ पावलं.’